दाव्याचं शेवटचं पान

साखरा, ता. सेनगाव
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय नचिकेत,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करून आले. खोडावं असं मनात होतं, पण खाडाखोड केलेला कागद मी आजवर कोणाच्या हातात दिलेला नाही, तुझ्यापासून ती सुरुवात कशाला करू. मोबाईल इथेच पडलाय, त्यावर तुझे कालचे निरोप उत्तराची वाट बघताहेत. तरी मी कोर्टाचा हिरवा कागद काढला, बापूंच्या पेटीवर मांडला आणि हाताने लिहायला बसले. का, ते शेवटी येईल. कुठलाही कागद पहिली दोन पानं वाचून खाली ठेवायची तुझी जुनी सवय आहे. हे मात्र शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. तुरीच्या शेंगा भरल्यात, हरभरा बरा आहे, रानडुकरांनी कडेच्या चार ओळी उकरल्या म्हणून बापू रोज संध्याकाळी डबा वाजवत बांधावरून फिरतात. आईच्या तोंडातून तुझं नाव जात नाही. परवा धपाटे थापता थापता म्हणाली, “तुझा तो दोस्त येऊन नाही राहिला काहून गं? लेकराला माझे धपाटे लई आवडायचे.” मी म्हटलं, कामात असतो. लेकरू म्हणे. त्या लेकरानं केसानं गळा कापला हे तिला सांगितलं, तर ती तुलाच जेवायला बोलावून विचारील की खरं काय ते सांग बाबा, आणि तू सांगशील, आणि तिला पटेल. तुझं सगळ्यांना पटतं. बापूंना मात्र वास आलाय. ते तुझं नाव काढत नाहीत. मी हिंगोलीहून परत आले की पूर्वी विचारायचे, काय झालं. आता “जेवली का” एवढंच विचारतात.

नांदेडच्या लॉ कॉलेजची आठवण काढायची नाही असं ठरवून बसले होते, पण ती टाळून हे पत्र पुढं जाणार नाही. वाचनालयात खिडकीकडच्या टेबलाची दोन टोकं आपली होती. तू मोठ्यानं वाचायचास आणि मी लिहायची. वाचून तुझा घसा बसायचा, लिहून माझी बोटं दुखायची, आणि परीक्षेला दोघांना सारखेच मार्क पडायचे, म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकत होतं, पण तेव्हा मला ते गोड वाटायचं. शेवटच्या वर्षी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तू एक पाटी काढली होतीस. ॲड. प्रियदर्शनी कावरखे, आणि त्याखाली तुझं नाव. मी म्हटलं, माझं वर का? तर म्हणालास, नकाशे तू काढणार, दावे तू लिहिणार, मी फक्त उभा राहून बोलणार. मी किती हसले होते. आता वाटतं, अख्ख्या पाच वर्षांत तू एवढंच एक खरं बोललास.

मला फार मोठं काही नको होतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. कोर्टात पुकारा व्हावा आणि आपण आपलं नाव सांगून उभं राहावं, बस. वकिलीची सनद हातात आली तेव्हा बापू म्हणाले, “दिवाळीपोस्तर बघ. न्हाई जमलं तर बी.एड. कर, मास्तरीण हो. त्यात काही कमीपणा न्हाई.” मला वाटलं, दिवाळी केवढी लांब आहे. फेब्रुवारीपासून मी हाताखाली घेईल असा सीनियर वकील शोधत फिरायला लागले. साखऱ्याहून जीपनं सेनगाव, तिथून बसनं हिंगोली, पर्समध्ये सनदेची झेरॉक्स आणि डब्यात भाकरी. पहिले वकीलसाहेब फार गोड बोलले. मुली काम शिकतात आणि लग्न करून जातात, मग शिकवलेलं वाया जातं, असं म्हणाले आणि मला पेढा दिला, त्यांच्या नातवाचं बारसं होतं. दुसऱ्यांनी विचारलं, गाव कुठलं. साखरा म्हटल्यावर म्हणाले, तुमची बस पोचेपर्यंत आमचा अर्धा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या निम्म्या केसेस, संपतो. तिसऱ्यांनी ठेवून घेतलं. तीन दिवस मी त्यांच्याकडे अशिलांच्या बाकड्यावर बसले. चौथ्या दिवशी बाकड्यावर फायली रचून ठेवल्या होत्या. कोणी जा म्हटलं नाही. मी दारात दहा मिनिटं उभी राहिले आणि निघाले. एका मॅडमकडे आशेनं गेले, त्यांनी सांगितलं की बाई म्हणून मीच इथे कशीबशी टिकले, दोघींना लोक काम देणार नाहीत. अशा जूनपर्यंत नऊ जणांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. प्रत्येक वेळी बसस्टँडवरून तुला फोन करायची. तू म्हणायचास, त्यांनाच अक्कल नाही.

तुझं मात्र पहिल्याच महिन्यात जमलं होतं. तुझ्या मामांनी एक फोन केला आणि हिंगोलीतल्या एवढ्या मोठ्या वकिलांच्या, विष्णुपंतांच्या ऑफिसात तुला टेबल मिळालं. मला त्याचा हेवा वाटला नाही, खरंच नाही. दोघांतला एक आत गेला की दुसऱ्याला ओढून घ्यायचं, असं आपलं ठरलं होतं. मार्चमध्ये तू पहिली फाईल पाठवलीस. कागदांचे फोटो, आणि खाली लिहिलेलं, एवढा दावा लिहून दे, सरांना तुझं काम दाखवतो, बघून लगेच घेतील. मी रात्रभर जागून नाही लिहिलं, दिवसाढवळ्या लिहिलं, चुलीजवळ, आई ओरडत असताना. मग दुसरी आली, तिसरी आली. सर काय म्हणाले, विचारलं की तू सांगायचास, खूश आहेत, योग्य वेळ बघून विषय काढतो. मार्च ते जुलै अकरा दावे. अकरा नकाशे.

नकाशांचं इथं लिहून ठेवते, पुढं लागणार आहे. दाव्यात जागेच्या चतुःसीमा सगळेच लिहितात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात जागा काही उभी राहत नाही. बापूंना शाळा चौथीपर्यंतच. पण बांधाचा वाद निघाला की ते काडीनं जमिनीवर आखून दाखवायचे. आधी झाड, म्हणायचे, झाड हालत न्हाई. माणूस खुणा सरकवतो, बांध सरकवतो, म्हणून झाडापासून मोजायचं. तेच मी कागदावर करायची. आधी झाड, झाडाचं गोल आणि गोलात एक टिंब, तिथून पावलं मोजून बाकीची जागा. तुझ्या फायलींच्या जागा मी पाहिलेल्याही नव्हत्या. तुला फोन करून विचारायची, तिथे झाड कुठलं आहे? तू वैतागायचास. मग अशिलाला विचारून सांगायचास, लिंब आहे, बाभूळ आहे. माझा कागद तू ऑफिसातल्या टायपिस्टला, भीमसिंगला द्यायचास, तो मजकूर टाईप करायचा आणि नकाशा काचेवर धरून गिरवायचा.

ऑगस्टमध्ये मला धीर धरवेना. बार रूममध्ये दोघे जण बोलताना ऐकलं की विष्णुपंतांच्या नव्या पोराचे नकाशे न्यायाधीशांनी भर कोर्टात वाखाणले. मला आनंद झाला, नचिकेत. मी इतकी बावळट की मला आनंद झाला. वाटलं, सरांना आता माझं काम माहीत आहे, फक्त चेहरा दाखवायचा राहिलाय. तुला न सांगता गेले, तुला चकित करायचं होतं. नमुना म्हणून एक दावा लिहून नेला, आमच्याच शेतरस्त्याचा, नकाशासकट.

विष्णुपंतांनी तो सावकाश वाचला. मग चष्मा काढला आणि भीमसिंगला तुझी एक फाईल आणायला सांगितली. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. झाडाचं तेच गोल, तेच टिंब. तुला आत बोलावलं आणि विचारलं, या बाईंकडे तुझं काम कुठून गेलं? तू माझ्याकडे पाहिलंस. मी चक्क हसले रे, कारण मला वाटलं, आता सगळं उलगडेल. तू म्हणालास, “सर, कॉलेजात मी हिला नोट्स द्यायचो.”

चूप राहिला असतास तरी मी समजून घेतलं असतं. नवी नोकरी, मोठे सर, माणूस घाबरतो. मी तुझ्यासाठी बसस्टँडवर बसून अशी कितीतरी कारणं शोधली. पण तू चूप नाही राहिलास. तू विचार केलास, वाक्य जुळवलंस, आणि त्यात ‘हिला’ म्हणालास, नावही घेतलं नाहीस. शेजारी भीमसिंगची बोटं टाईप करता करता थांबली होती. विष्णुपंत माझ्यावर रागावले नाहीत, हे सगळ्यात वाईट. बाळ, म्हणाले, दुसऱ्याचं उतरवून पास होता येतं, वकिली करता येत नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं, आणि रडणाऱ्या माणसाचं खरं कोणी धरत नाही. माझा कागद टेबलावरच राहिला.

त्या संध्याकाळी तुझा निरोप आला. ‘सॉरी, अडचण होती, नंतर बोलू.’ नंतर कधी तू बोलला नाहीस. हिंगोलीचा वकीलसंघ केवढासा, दहाव्या-अकराव्या दारात जाण्याआधीच माझी कीर्ती पोचलेली असायची. सप्टेंबरमध्ये एका वकिलांनी तर नमुना वाचायलाही घेतला नाही, म्हणाले, हा तरी तुमचा आहे का? आधीच्या नऊ नकारांचं मला काही वाटेनासं झालं. ते परक्यांचे होते. मी काय त्यांचं घोडं मारलं होतं, त्यांना मी नको होते, संपलं. पण हे जे नंतरचे, ते तू दिलेस, त्यांच्या तोंडून. मी कोर्टात जायचं बंद केलं. बी.एड.चा फॉर्म आणला. बापूंनी तो बघितला आणि नीट घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवला.

मग दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कनेरगाव नाक्याहून एक बाई गाव विचारत विचारत घरी आल्या. शिलाताई. त्यांची नाक्यावर चहा-खिचडीची टपरी आहे, मागं दोन खोल्यांचं घर. शेजारच्या धाबेवाल्यानं टपरी आणि घर यांमधली बोळ आपली म्हणून पाया खोदला. भिंत झाली असती तर त्यांना घरात जायला धाब्याच्या आतून जावं लागलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला माझं नाव कोणी सांगितलं? तर म्हणाल्या, “आमच्या गावचा भीमसिंग. तो म्हणला, मोठ्या साहेबाकडं एवढंसं काम घेत न्हाईत. साखऱ्याला एक नकाशेवाली मॅडम हाय, तिच्याकडं जाय.” नकाशेवाली मॅडम. मी आत जाऊन तोंड धुऊन आले. नंतर भीमसिंग मला कोर्टाच्या फाटकापाशी भेटला, चपलेकडे बघत म्हणाला, “मॅडम, मी टायपिंगवाला. त्या दिवशी बोलाया पायजे होतं, न्हाई बोललो. पण अक्षर वळखतो मी.” त्यानं एवढं तरी म्हटलं.

मी नाक्यावर गेले. बोळीच्या तोंडाशी लिंबाचं झाड आहे, नशिबानं शिलाताईंच्या सासऱ्यांनी लावलेलं. तिथून पावलं मोजली. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकड्यावर बसून दावा पुरा केला आणि कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत दाखल केला. पुकारा झाला तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, वादीतर्फे कोण? मी नाव सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पाच मिनिटांचं काम, समोरच्याला नोटीस काढा एवढाच हुकूम झाला. बाहेर आले तर बापू मागच्या बाकावर बसलेले, इस्त्रीचा सदरा घालून, मला न सांगता आलेले. म्हणाले, “आवाज जरा मोठा काढत जाय.” त्या रात्री देव्हाऱ्यामागचा फॉर्म त्यांनी चुलीत घातला.

आता तुझ्या कालच्या निरोपांबद्दल. काल शनिवारी सकाळी, चार महिन्यांनी, तुझं नाव मोबाईलवर दिसलं. वाटलं, माफी असेल. होते ते एका दाव्याच्या अकरा पानांचे फोटो, आणि खाली: ‘प्रिया, झालं गेलं विसर. एवढी एकच कैफियत लिहून दे, गुरुवारी द्यायचीय, सरांना आता तुझ्याबद्दल नक्की सांगतो.’ आणि एक आवाजाचा निरोप. फोटो उघडले. मनाई हुकमाचा दावा, जागा कनेरगाव नाका, वादी शिला, प्रतिवादी शेजारचा धाबेवाला, म्हणजे आता तुमचा अशील. पहिलं पान तू वाचलं असशील. नवव्या पानावर नकाशा आहे, बोळीच्या तोंडाशी एक गोल आणि गोलात टिंब. ज्या नकाशांवर तुझं नाव झालं, त्यांतला एक तुझ्या टेबलावर आला आणि तू तो ओळखला नाहीस. सरळ धरून फोटो काढलास आणि उत्तर लिहायला माझ्याकडेच पाठवलास. ऑगस्टमध्ये रडले नव्हते तेवढी काल मी हसले, आणि हसून झाल्यावर फार वाईट वाटलं. आवाजाचा निरोप लावला तर तू म्हणत होतास, “अशील खासगीत सांगतोय की ती भिंत…” तिथंच मी बंद केला. खोटं कशाला बोलू, दुपारभर बोट त्यावर जात होतं. शिलाताईंचा अख्खा दावा कदाचित त्या एका वाक्यात असेल. शेवटी मोबाईल आईकडे देऊन रानात गेले, आणि परत येऊन फोटो आणि आवाज दोन्ही पुसून टाकले. पुढचं ऐकलेलं नाही. तुला विश्वास ठेवायला जड जाईल, तरी सांगते. म्हणून मोबाईलवर नाही, पुसता न येणारं, माझ्या अक्षरातलं हे पत्र. तुझ्या अशिलाच्या मनातलं समोरच्या वकिलाकडे गेलं होतं, हे विष्णुपंतांना सांगणं तुझं काम आहे. मी त्यांच्याकडे जाणार नाही, कोणाला बोलणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सांगशील तर कागद माझ्याकडे का आले हेही सांगावं लागेल, आणि मार्चपासून का येत होते तेही. ऑगस्टमध्ये तुला एकच वाक्य बोलायचं होतं, ते अजून तसंच शिल्लक आहे. कैफियत तुझी तूच लिही. मुदत मागितलीस तर मी हरकत घेईन. आणि सुरुवात करण्याआधी, नचिकेत, अकरावं पान काढ आणि तळाशी सही कोणाची आहे ते वाच.

एके काळी तुझीच,
प्रियदर्शनी
वादीतर्फे वकील